मामांची फेरी

"उद्या हिचं पोट दुखणार आहे," मामा दारातूनच म्हणाले. एक पाय पायडलवर, एक आमच्या पायरीवर. सायकलवरून उतरायचं नाव नाही.

आई कपडे पिळत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "गेल्या वेळी पण पोटच होतं ना?"

मामा अडखळले. जरा आठवून म्हणाले, "बरं, मग डोळे आले म्हणा." घंटी वाजवली आणि पुढच्या गल्लीत वळले. तिथे कुणाची तरी मावशी मरणार होती.

मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. सख्खे कुणाचेच नाहीत, पण अख्ख्या वस्तीचे मामा. उंच, किडकिडीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंड असं की बोलले की समोरच्याची सालं निघायची. खडू मागायला गेलं तर अर्धा मोडून द्यायचे आणि म्हणायचे, "खा नीट चावून." दुपारी स्टुलावर बसून डुलक्या काढायचे, पण घंटा कधी चुकली नाही. दंगा केला की कान पिळायचे. कुणाच्या चपलेचा पट्टा तुटला तर तारेनं बांधून पण तेच द्यायचे, शिव्या देत देत.

आता ही फेरी काय भानगड होती ते सांगते, कारण ज्यांची पोरं मोठी फी भरून शिकतात त्यांना हे माहीत असायचं कारण नाही.

वरच्या ऑफिसातून आम्हाला चाचणी यायची. सगळ्या सरकारी शाळांना एकच पेपर, एकाच दिवशी, सीलबंद पिशवीतून. प्रश्नाखाली चार गोल, त्यातला एक काळा करायचा. मशीन तपासणार. पावसाळ्याआधी एक, नंतर एक, वर्ष संपताना एक, आणि प्रत्येकीच्या आधी सराव. सरावाचा पण सराव. आमच्या वर्गात गणिताचा तास होता, भाषेचा होता, आणि खरं सांगते, गोल रंगवायचा पण तास होता. मला वाचताना अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली दिसायची, पण गोल असा रंगवायचे की रेघेबाहेर एक कण नाही. उत्तर चुकीचं, गोल देखणा.

पेपर एकदा गेला की गेला. कुणाचं काय चुकलं, का चुकलं, काही परत यायचं नाही. यायचा फक्त रंग. शाळा हिरवी, पिवळी नाहीतर लाल. दोनदा लाल आली की शाळा बंद, पोरं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत. आमची शाळा आधी एकदा लाल झालेली होती. तेव्हापासून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, हा मार्ग काढला. चाचणीच्या आदल्या दिवशी त्या खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "मामा, जरा फेरी मारून या." एवढंच. पुढचं मामांना कळायचं. कच्च्या पोरांच्या दारात जायचं आणि उद्याचा आजार सांगून यायचा. कुठंही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात. त्या शाळेत असताना माझ्या तीन मावश्या वारल्या. मला मावशी एकच आहे, आणि ती अजून ठणठणीत आहे.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. हे मला बोलायला जड जातं, पण नव्हत्या. शाळा टिकावी एवढीच धडपड. तरी गंमत बघा. ज्यांना येत होतं त्यांचंच मोजमाप पुन्हा पुन्हा, आणि ज्यांना येत नव्हतं ती घरी चादर घेऊन पडलेली. आई मला त्या दिवशी बाहेर खेळू पण द्यायची नाही. म्हणायची, आजारी आहेस ना, मग आजारी दिस. मी छताकडे बघत पडायचे आणि शाळेची घंटा ऐकायचे. नापास होण्यापेक्षा ते वाईट असतं. नापास व्हायला निदान बोलावतात तरी.

शाळा हिरवी राहिली. मग एकदा मोठ्या बाईंनी वरच्या साहेबांकडे जादा बाई मागितल्या. आमच्यासारख्यांना वेगळं बसवून वाचायला शिकवायला. साहेब शाळेत आले होते, मामा चहा घेऊन आत गेले. साहेब हसत होते म्हणे. म्हणाले, "बाई, कच्ची पोरं आहेत कुठं तुमच्याकडे? आकड्यात तर एक पण दिसत नाही. तुमची शाळा हिरवी. बाई द्यायच्या त्या लाल शाळेला देऊ." लपवलेलं पोर पुन्हा काढून दाखवता येतं का?

मामांनी चहा ठेवला आणि बाहेर येऊन स्टुलावर बसले. त्या दिवशी डुलकी काढली नाही. मी तिथंच पाणी पीत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आकड्यात दिसत नाहीस म्हणे गं. मला तर चांगली ढळढळीत दिसतेस."

मग आली ती वर्षअखेरची चाचणी. तिच्या बऱ्याच आधी, सराव चालला होता तेव्हा, एक माणूस टेप घेऊन शाळेत आला आणि एकेक खोली मोजायला लागला. मामांनी कुलपं काढून दिली, टेपचं दुसरं टोक धरून भिंतीभिंतीला फिरले. दुपारी वर्गात येऊन त्यांनी आम्हाला जाहीर केलं, "पंखे येणारेत. प्रत्येक खोलीत. वरच्यांना आपली आठवण आहे बरं का." आमचा वर्ग पत्र्याखाली होता, उन्हाळ्यात आम्ही पापडासारखे भाजायचो. आम्ही बाकं बडवली. मामांना एवढं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर पण नाही. सगळ्यांना सांगत सुटले. पंखे देतात म्हणजे शाळा ठेवायचीच आहे. शाळा ठेवायची आहे म्हणजे ऐकतील पण. खरं काय ते एकदा दिसू दे त्यांना, मग वाचायच्या बाई पण देतील.

त्यांचा सगळा हिशेब त्या पंख्यांवर उभा होता.

चाचणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, फेरी मारून या. मामा गेले. आमच्या दारात सायकल थांबली, एक पाय पायडलवर, एक पायरीवर. आईनं विचारलं, "आज काय, ताप का?"

"आज काही नाही," मामा म्हणाले. "उद्या हिला पाठवा. डोकं धुऊन पाठवा."

आम्ही सगळे गेलो. पोटदुखीवाले, डोळे आलेले, मेलेल्या मावश्यांचे भाचे, झाडून सगळे. बाकं पुरेनात, मामांनी सतरंज्या अंथरल्या. पिशवी उघडायला आलेला पर्यवेक्षक हजेरी बघून खूश झाला, म्हणाला, वा, अशी उपस्थिती कुठंच नाही. मोठ्या बाई आमच्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडत गेला. पर्यवेक्षकासमोर बोलता पण येईना. दाराशी मामांना गाठून हळूच म्हणाल्या, "मामा, हे काय करून बसलात?"

मी पहिल्याच सतरंजीवर होते, मला मामांचं उत्तर ऐकू आलं. "बाई, ताप लपवल्यावर औषध कोण देणार?"

मी त्या दिवशी मन लावून पेपर दिला. पहिल्यांदाच मला कुणी विचारलं होतं की तुला काय येतं. फार काही येत नव्हतं, ते वेगळं.

शाळा दुसऱ्यांदा लाल झाली. सुट्टीतच निरोप आला की शाळा बंद, पोरांची नावं मोठ्या शाळेत लावली आहेत.

वस्तीनं मामांना धरलं. दुसरं कोण सापडणार? वरचं ऑफिस कुठं, साहेब कोण, कुणाला माहीत नव्हतं. मामा रोज समोरून जायचे. किराणावाल्यानं भर दुकानात विचारलं, काय मामा, भरल्या घराला कुलूप लावलंत ना शेवटी? बायका पोरांना हायवे ओलांडून द्यायला जायच्या आणि येताना मामांच्या दारापुढे मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. माझ्या आईनं पण बोलायचं सोडलं. मी तिच्याशी भांडले. शेजारच्या पोरानं मामांच्या सायकलची हवा सोडली, तर मी त्याची अशी हवा काढली की त्याची आई महिनाभर आमच्याकडे बघत नव्हती. मामा मला म्हणाले, "कशाला हात घाण करतेस? बरोबर बोलतात ते. माझ्या एका फेरीनं शाळा गेली."

मी म्हणायचे, मामा, शाळा तुमच्यामुळे नाही गेली. पण मला पण पुढचं वाक्य यायचं नाही. मग कुणामुळे?

मोठ्या बाईंची बदली वरच्या ऑफिसात झाली. कुठल्या खात्यात? चाचणीच्या. मामांना मोठ्या शाळेच्या गेटवर बसवलं. घंटा तिथं बटणावर वाजायची, किल्ल्या दुसऱ्याकडे. कमरेला जुडगा नसला की मामा तिरके चालतात असं वाटायचं.

मोठी शाळा खरंच मोठी होती. वर्गात एवढी पोरं की बाईंना माझं नाव कधी कळलंच नाही. चाचण्या त्याच, गोल तेच. पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी आईच्या मोबाईलवर मेसेज आला. उद्या आपल्या पाल्याला घरी विश्रांती घेऊ द्यावी. बघा म्हणजे. इथं पण तेच, फक्त सायकल नाही. मामा निदान दारात यायचे, आजार बदलून द्यायचे, हसवून जायचे. हे मशीनच सांगत होतं की तू येऊ नकोस.

पुढच्या चाचणीला मेसेज यायच्या आधीच मी विश्रांती घेतली. ती अजून चालू आहे.

मामा मला परत न्यायला यायचे. गेटवरची ड्यूटी संपली की हायवे ओलांडून, आमच्या पायरीशी. घंटी वाजवायचे आणि म्हणायचे, "उद्या ये. डोकं धुऊन ये." एकदा मी आतूनच म्हटलं, "मामा, माझं पोट दुखतंय."

ते हसतील असं वाटलं होतं. आला तो सायकल वळवल्याचा आवाज.

नंतर ते रिटायर झाले, लेकीकडे राहायला लागले, ती जवळच राहायची. मी वायरिंगचं काम शिकले. एका मिस्त्रीच्या हाताखाली, आता जवळजवळ बरोबरीनं करते. नवं काही शिकले की मामांना सांगायला जायचे. त्यांच्या खोलीत मीच पंखा बसवून दिला. ते पलंगावर पडून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "शाळेत पण आले असते गं. एक फेरी नीट मारली असती तर." शेवटी शेवटी तेवढंच. मी चिडायचे. म्हणायचे, मामा, जगात दुसरा विषय नाही का? ते म्हणायचे, "माझ्याकडे नाही."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. न्यायला माणसं थोडीच होती. त्यातल्या एकानं मागे चालता चालता शेजारच्याला सांगितलंच, हाच तो, शाळा बुडवणारा. मी वळून म्हटलं, पुन्हा बोललास तर यांच्याबरोबर तुलाही पोचवून येईन. तो गप्प झाला. पण गप्प झाला म्हणजे पटलं असं नाही.

मागच्या महिन्यात मिस्त्री म्हणाले, एका ऑफिसात पार्टिशन हलवायचंय, पॉइंट वाढवायचेत. जाऊन बघते तर आमची शाळा. बाहेर बोर्ड वेगळा, आत टेबलं, कॉम्प्युटर, डोक्यावर नवा स्लॅब आणि हो, प्रत्येक खोलीत दोन दोन पंखे. आमचा वर्ग कुठला ते पायरीवरनं ओळखलं. मी शिडीवर चढले, टेप काढला आणि मिस्त्रींना टोक धरायला सांगितलं.

"मोजायचं काय त्यात," मिस्त्री म्हणाले आणि खोलीची लांबी-रुंदी तोंडपाठ सांगितली. "हे ऑफिस मीच मोजलंय. पार्टिशनसकट नकाशा हातात दिला होता मला."

मी विचारलं, शाळा बंद झाल्यावर ना?

"नाही गं. शाळा भरलेली होती. पोरं खाली मान घालून गोल रंगवत होती, कसली तरी परीक्षा यायची होती त्यांची. साहेबांनी बजावलं होतं, शाळेत कुणाला बोलायचं नाही. पण एक म्हातारा शिपाई होता, टेप धरायला आला, सारखा विचारायचा काय होणारे, काय होणारे. चांगला होता बिचारा. काहीतरी सांगायला हवं म्हणून मी म्हटलं, पंखे."