गॅल्टीमोरचा बर्फ आणि सासूचा निकाल

नाही बाई, साडी नेसून नव्हते गेले. सगळ्या जणी हेच विचारतात. काष्टा मारून बर्फात चढणारी म्हातारी, असा फोटो हवा असतो सगळ्यांना. तो काही मिळायचा नाही. आत सुनेची लोकरीची पँट, तिच्यावर सुनेचीच ट्रॅकपँट, तिच्यावर लेकाची पावसाळी पँट खालून दोनदा दुमडलेली, आणि डोक्याला कानटोपी. आरशात बघितलं तर आमच्या दूध डेअरीचा वॉचमन उभा.

ही २०२०च्या फेब्रुवारीतली गोष्ट. ज्यांची पोरं तिकडं आहेत आणि ज्यांना पोरांच्या घरात नुसत्या पोळ्या लाटत बसायचं नाही, अशा बायांसाठी लिहितेय. मी सातवी शिकलेली, जुन्नरच्या वरच्या अंगाच्या डोंगरातली. मालक गेल्यापासून मला दटावणारं कुणी उरलं नाही, म्हणून जरा सुटलेय. लेक संदीप आयर्लंडात पोर्टलीशला राहतो, कॉम्प्युटरवाला. सून मृणाल पुण्याची, कोथरूडची. दवाखान्यात लागणारी उपकरणं बनवतात त्या कंपनीत इंजिनियर. नात ईरा तेव्हा चार वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं भांडण बरोबर जमतं.

तर झालं असं होतं, की मृणालला डोंगराचं वेड. कॉलेजात असताना आपले सगळे किल्ले पालथे घातलेले. तिकडं गेल्यावर बर्फातलं चढणं आणि डोंगरावरून स्की करणं शिकायला लागली. आदल्या हिवाळ्यात पाय सटकून मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून संदीपनं धरून ठेवलं, की पोर लहान आहे, बास झालं तुझं. ती म्हणे सोडणार नाही. महिनोन्‌महिने घरात दोघं नुसतं भाजी-दुधापुरतं बोलायची. शेवटी संदीप म्हणाला, आई येतेय ना, ती सांगेल ते फायनल. त्याला खात्री, की आई आपलीच आहे. तिलाही तीच खात्री, म्हणून तोंड एवढंसं.

तिकडं पोचल्यावर मी म्हटलं, "न बघता कसा निकाल देऊ? मला घेऊन चल, मग सांगते."

संदीपला ठसकाच लागला.

आता हे समजून घ्या, की आयर्लंडात बर्फ म्हणजे पाहुणा. काश्मीरसारखा मुक्कामाला येत नाही. एक-दोन दिवस डोंगरमाथ्यावर बसतो आणि पावसाबरोबर वाहून जातो. त्यामुळं हौशी माणसं नोव्हेंबरपासून पिशवी भरून दाराशी ठेवतात आणि हवामान बघत बसतात. मृणालची पिशवीही जिन्याखाली होती. मी येता-जाता तिला ठेचकाळायचे. एका शुक्रवारी संध्याकाळी नोराचा फोन आला, की रविवारी चला.

नोरा मृणालच्या गिर्यारोहण क्लबातली. रिटायर्ड नर्स, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, चण बारीक, चालणं शेळीचं. मृणाल मला आई म्हणते हे ऐकून तीही मला आईच म्हणायला लागली. एवढी थोरली लेक देवानं मला परदेशात दिली.

रविवारी अंधारातच निघालो. संदीप दारात ईराला कडेवर घेऊन उभा. मला म्हणाला, नीट बघ आई. त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं, मृणाललाही कळलं.

रस्ता मात्र तुळतुळीत. पोर्टलीश सोडलं की थोड्याच वेळात टोल लागतो, दोन युरोच्या आतला. मग कॉर्कच्या दिशेनं मोठा हायवे. पाऊस भुरभुरत होता, मी मनात म्हटलं कसला बर्फ नि काय. कॅशेलच्या पुढं उजाडलं आणि उजव्या हाताला गॅल्टीचे डोंगर दिसले. खाली हिरवीगार कुरणं आणि वरचा अर्धा भाग पांढरा, मधली रेघ एकदम सरळ, जशी भिंतीला अर्ध्यापर्यंतच चुन्याची सफेदी करून गवंडी जेवायला गेला.

केहरच्या पुढं हायवे सोडायचा, जुन्या रस्त्यानं मिचेल्सटाउनकडं थोडं जायचं आणि एका अरुंद बोळवजा रस्त्यानं वर. शेवटी गाड्या लावायची छोटी जागा आहे. नोरा आपली गाडी घेऊन तिथं आधीच उभी होती. तिकीट नाही, संडास नाही, चहाची टपरी तर नाहीच. जे करायचं ते केहरला करून या. वरची वाट मेंढ्यांच्या कुरणातून जाते. फाटक उघडलं तर मागं लावायचं, हा तिथला मोठा नियम. कुत्रं आणायचं नाही, कारण मेंढ्या गाभण असतात. फाटकाशी एक शेतकरी चार चाकांच्या फटफटीवर बसला होता. त्यानं विचारलं, कुत्रं नाही ना बरोबर? मी मृणालला म्हटलं, सांग त्याला, कुत्रं नाही, सून आणलीय. तिनं ते इंग्रजीत सांगायला साफ नकार दिला. पण सकाळपासून पहिल्यांदा हसली.

आता सामानाचं सांगते, कारण ते भाड्यानं देणारं दुकान आपल्याला वाटतं तसं गल्लोगल्ली नाही. स्की तर आयर्लंडात भाड्यानं मिळणं महाकठीण. मृणालनं जुन्या, वापरलेल्या घेतल्या होत्या आणि नोराच्या तर तळाला एवढे ओरखडे, की आमच्या पोळपाटाला लाज वाटावी. तिथं मुद्दाम जुन्याच वापरतात. बर्फ वीतभर, खाली दगड आणि झुडपं. वर जाताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. बैलाच्या पाठीवरून हात फिरवा, एका बाजूनं मऊ जातो आणि उलटा फिरवला की अडतो, तसंच. पुढं सरकते, मागं घसरत नाही. हे ज्याला सुचलं त्यानं नक्की कधीतरी गुरं राखली असणार. याशिवाय बुटाला बांधायचे लोखंडी दात, म्हणजे क्रॅम्पॉन, आणि हातात आखूड दांड्याची बर्फाची कुऱ्हाड. मला मृणालचे जुने बूट, दोन मोजे घालून. त्यांना बांधायला नोराकडचे जास्तीचे दात.

वाटेचा पहिला टप्पा रुंद, खडकाळ, बैलगाडी जाईल असा. बर्फ लागेपर्यंत स्की पाठीवर. मृणाल पुढं, मी मधे, नोरा मागं. मी दमते का बघायला दोघी माझ्याकडं चोरून बघायच्या. मी काही त्यांना ती मजा मिळू दिली नाही. आम्ही लहानपणी डोक्यावर सरपण घेऊन घाट उतरायचो. इथं तर डोक्यावर नुसती टोपी. वाटेत एक स्मारक लागतं, विमान पडून मेलेल्यांचं. तिथं नोरानं टोपी काढली, मीही कानटोपी काढली, आणि कानात असा वारा शिरला की मेलेल्यांची माफी मागून लगेच घातली.

मग बर्फ. पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा रव्यावर पाय पडावा तसा आवाज झाला. वाकून मूठभर घेतला, खाल्ला. मृणाल म्हणाली, "आई, मेंढ्या फिरतात इथं." मी लगेच थुंकून टाकला.

दोन शिखरांच्या मधल्या खिंडीजवळ एक उतार होता, खाली सपाट, दगड नाही, धोंडा नाही. तिथं नोरानं थांबवलं आणि म्हणाली, आता पडायचं. मला वाटलं मस्करी करतेय. पण हाच त्यांचा रिवाज. दर हिवाळ्यात वर चढायच्या आधी सुरक्षित जागा बघून मुद्दाम पडायचं. घसरायला लागलं की पालथं व्हायचं, कुऱ्हाड छातीशी धरून तिचं टोक बर्फात दाबायचं, सगळा भार तिच्यावर, आणि पायात दात असतील तर पाय वर उचलायचे, नाहीतर ते अडकून उलटंपालटं करतात. तीस वर्षं डोंगरात असलेली नोरासुद्धा आधी आपण पडली. पाठीवर, पोटावर, डोकं खाली करून. मृणाल तर पुन्हापुन्हा. मी म्हटलं, आयुष्यभर सासवांनी सांगितलं पडू नको, आणि ही बया पडायला शिकवतेय. मग मीही एकदा पडले. कुऱ्हाडबिऱ्हाड राहिली बाजूला, ढुंगणावर बसून थेट खाली. नोरा हसून हसून गुडघ्यावर बसली. फोटो आहे, पण दाखवणार नाही.

मला आणि नोराला खिंडीपर्यंतच जायचं होतं. तिथून पलीकडं खाली काळंभोर तळं आहे, त्या बाजूला सरळ कडा, त्याच्या काठावर बर्फाची झालर पुढं आलेली. तिच्यावर पाय ठेवायचा नाही. खाली नुसती हवा असते. पुढचा चढ उभा, म्हणून मृणालनं स्की पाठीला बांधल्या आणि गॅल्टीमोर या तिथल्या सगळ्यात उंच शिखराच्या वाटेला लागली. नोरा म्हणाली, "शी'ल बी ग्रँड." म्हणजे ती ठीक राहील. तिकडं सगळंच ग्रँड असतं, पाऊस पडला तरी, गाडी बंद पडली तरी. त्यामुळं मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

वर पोचायला तिला जरा वेळ लागला. मी शाल घट्ट धरून बघत होते. मग एकदम शेंड्यावर ती दिसली. तिथं एक लोखंडी पांढरा क्रूस आहे, त्याच्या शेजारी एक लाल ठिपका. आणि मग ती कड्यापासून लांब, दक्षिणेच्या रुंद उतारावरून खाली आली. वर जाताना टाच मोकळी असते, उतरताना बांधलेली, एवढंच मला त्यातलं कळतं. पण ती ज्या तऱ्हेनं वळत होती, इकडून तिकडं, तिकडून इकडं, ते बघून मला आमच्या गावची घार आठवली, जी पंख न हलवता अख्खं शिवार फिरते. माझ्या घरात पोळ्या करपवणारी ही पोरगी आहे, हे मला खरंच वाटेना.

बर्फ संपला तिथं आम्ही तिघी भेटलो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. नोरानं चटणी जॅमसारखी लावली, डोळे पुसले, मग अजून मागितली. तिनं तिच्याकडचा मनुका घातलेला गोड पाव दिला, वर बोटभर लोणी. आल्याचा चहा मी थर्मासमधून ओतला. मृणालनं पेला धरला तर चहा हिंदकळून सांडला. थंडीनं असेल म्हणून नोरानं तिला आपले हातमोजे दिले.

केहरला उतरून चिप्स खाल्ले, मीठ आणि व्हिनेगर मारलेले. तिघींचं मिळून गाडीच्या डिझेलएवढंही बिल झालं नाही. नोरा तिच्या गाडीनं गेली. जाताना मला कवटाळून म्हणाली, पुढच्या बर्फाला ये आई.

परत येताना मृणालनं मला काही विचारलं नाही. पोर्टलीशचा फाटा आल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

मी म्हटलं, "घरी पोचू दे, मग बघू."

हे जरा दुष्टपणाचं होतं, पण मी सासू आहे, माझाही काही मान आहे.

संदीप स्वयंपाकघरात होता. मुगाची खिचडी लावली होती त्यानं, पहिल्यांदा. मी खुर्चीत बसले, बूट काढले आणि म्हटलं, "जाऊ दे तिला. पाय घट्ट आहे तिचा. आणि सगळं शिकून, विचार करून करतात त्या. वेड्यासारखं नाही."

त्यानं खिचडीखालचा गॅस बंद केला. मग म्हणाला, "तू नीट बघितलंस ना?"

"डोळे फाडून बघितलं," म्हटलं.

त्यानं कपाट उघडलं, तिकडं कपाटाला प्रेस म्हणतात, ताटल्या काढल्या आणि मृणालला आधी वाढलं. ती खाली मान घालून जेवली. ईरा विचारत होती, की ग्रॅनी बर्फात पडली का? मी म्हटलं, पडले तर, धपकन.

पुढं काही दिवसांतच तो रोग आला आणि सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरा म्हणाले. माझं परतीचं विमान रद्द झालं, मी कितीतरी महिने तिथंच. मृणाल त्या दोन किलोमीटरात गोल गोल चालायची, आणि आता तिच्याबरोबर संदीपही जायचा. नोरा वयानं मोठी म्हणून घरात कोंडलेली. तिचे फोन यायचे, आणि मी तिला चटणी पोस्टानं पाठवायचे. त्या एका रविवारचे उपकार मी किती मानते ते काय सांगू. पंधरा दिवस उशीर झाला असता तर तो डोंगर मला दिसलाच नसता, आणि माझी सून मला पोळ्या करपवणारी म्हणूनच माहीत राहिली असती. गावी परत आले तेव्हा बॅगेत काही फारसं नव्हतं, पण मन असं भरलेलं, की विमानात शेजारच्या बाईनं विचारलं, तीर्थयात्रेहून आलात का. मी हो म्हटलं.

आता या हिवाळ्यात मृणाल पुन्हा वर जातेय. संदीप खाली गाडीत थांबतो, ईराला घेऊन. तो हे लिहिलेलं वाचतो, मला माहीत आहे. म्हणून राहिलेलं सांगून टाकते.

ती पडली होती, संदीप. सरावाच्या उतारावर नाही. शेंड्याच्या खाली, कडक बर्फावर. आपल्या अंगणापासून देवळापर्यंत जेवढं होईल तेवढी घसरली. नोरा तेव्हा पाठमोरी बसून बुटाचे दात सोडत होती, तिला काही दिसलं नाही. मग ती पालथी झाली, कुऱ्हाड दाबली आणि थांबली. थोडा वेळ तशीच पडून राहिली, उठली, बूट आपटून बर्फात रोवला आणि पुन्हा चढायला लागली. मी सगळं बघितलं, आणि मी बघितलं हे तिलाही माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तुला पडली एवढंच ऐकू आलं असतं. थांबली, हे तू ऐकलंच नसतंस.