सातवा दगड

कुरुंदवाडच्या घाटाखाली सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात दगड आहेत. नदीत पोहणाऱ्या आमच्या नातवंडांना त्याच राखतात. मी रोज कुंकू लावायला जाते. त्या दिवशी सहाच होते. जवळच एक पाहुणा पाठीवरची पिशवी आवळत होता.

विचारलं तर हसला. "आजी, जाईन तिथला एक दगड नेतो, आठवण म्हणून. रंग लागला होता, धुऊन घेतला."

"पावणं, देव हाय त्यो! काढा भायेर!"

त्यानं पिशवी पायरीवर ओतली. गावोगावचे दगड पडले. उलटेपालटे करून मलाच विचारलं, "यातला तुमचा कुठला?"

मी आसरा उचलली. "आत्ता उचललेला दगड वळकंना, आन् म्हणं आठवण!"

"सॉरी, आजी," म्हणाला आणि तिथंच दुसरा दगड शोधायला वाकला.