एकाच वेताची पिल्लं

टेंभुर्णीच्या आमच्या शेतावर नव्वद सालाच्या आसपास एका वेतातली दोन पिल्लं वाढली. कुत्रा थोरल्या भावानं, दादानं घेतला, कुत्री मी. तीन वर्षं उलटली तरी ती माजावर आली नाही. शेपटीखाली बोटाच्या पेराएवढा मांसाचा कोंब बाहेर आला होता. घासून तो रक्ताळायचा. गडी हसायचे. दादा म्हणायचा, लांब नेऊन सोडून दे.

मी तिला जालन्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं. बाहेरून मादी असली तरी पोटात नराची अंडं असावीत, पुढं त्यांच्या गाठी होऊ शकतात, काढलेली बरी, असं त्यांचं मत पडलं. मी निघालो तसं त्यांनी बजावलं, हे आईबाप दोघांकडून उतरतं. हिचा भाऊ धडधाकट दिसला तरी त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका.

दादाच्या मुलीला बघायला त्याच आठवड्यात पाहुणे येणार होते. गोठ्यात मी दादाला हे सांगितलं, तसा तो वैरण टाकता टाकता थांबला.

"रक्तात दोष हाये, असं या दारात बोलायचं न्हाई."

"दादा, मी कुत्र्याचं बोलून राह्यलो."

"ऐकणारे कुत्र्याचं ऐकत्याल का?"

पोरीचं लग्न होईपर्यंत कुत्रीला दवाखान्यात न्यायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. मी चार दिवस त्याचं ऐकलं. पाचव्या दिवशी रक्त थांबेना, तेव्हा तिला गोणपाटात गुंडाळून जीपनं जालना गाठलं. दोन तास बाहेर बसलो. ती दगावली तर दादा काय म्हणेल, हेच डोक्यात होतं. मग बाईंनी बोलावून ताटलीत पोटातून काढलेली चिंचोक्याएवढी दोन अंडं दाखवली. कुत्री जगली होती.

कुत्रीच्या पोटाला बांधलेली पट्टी बघून दादानं माझ्याशी बोलणं सोडलं. लग्नात मला कामं सांगायची ती वहिनीमार्फत. त्या गर्दीत मी परक्यासारखा पंगत वाढत होतो.

पुढच्या वर्षी त्याच्या कुत्र्यापासून आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला, म्हणजे त्या कुत्र्याच्याच आईला, पाच पिल्लं झाली. ती दोन महिन्यांची झाली असतील. एका सकाळी दादा उपरण्यात एक पिल्लू घेऊन माझ्या बांधावर आला. मी शेपटी उचलून बघितलं.

"तसंच हाये?" त्यानं विचारलं.

"तसंच."

त्यानं पिल्लू परत उपरण्यात गुंडाळलं. "त्या बाई कोणत्या वारी असतात?"

मंगळवारी आम्ही दोघं निघालो. पिल्लू माझ्या मांडीवर होतं आणि दादानं आपला कुत्राही साखळीनं बांधून आणला होता. कुत्र्याची नसबंदी करायला बाईंना दादानंच सांगितलं, आणि भूल चढेपर्यंत त्याचं डोकं स्वतः धरून बसला.