खरखरीत जागेचे मामा

या शहरात उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीला माझ्या मित्राच्या मामांनी एकदा तरी हात लावलेला आहे. चोरायला नाही, ढकलायला नाही, नुसता हात. चळवळीची पत्रकं लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला वाढवून सांगायची खोड असते हे मला मान्य आहे, पण इथं मी वाढवत नाहीये. रस्त्याच्या कडेला टेम्पो दिसला की मामा थांबतात, डोळे मिटतात आणि उजव्या हाताची तीन बोटं त्याच्या बंपरवरून फिरवतात. गुरांच्या बाजारात जाणकार माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो ना, तशी. एका लग्नात नवरदेवाच्या गाडीला फुलं बांधणं चालू असताना यांनी बंपर चाचपला. मुलाकडचे लोक घाबरले. त्यांना वाटलं, गाडी भाड्याची आहे का ते मुलीकडचे तपासतायत. मामा म्हणाले, "चालू द्या तुमचं. हिच्यावर काय टिकंल, तेवढंच बघतोय."

काय टिकेल, हाच त्यांचा धंदा. गारखेड्यात त्यांचं रेडियमचं टपरीवजा दुकान आहे. रंगीत चिकट कागदातून नंबर, देवांची नावं, पोरांची नावं कापायची आणि गाड्यांवर चिकटवायची. कागद चमको न चमको, आपल्याकडं सगळे त्याला रेडियमच म्हणतात. हे काम करणारी दुकानं शहरात गल्लोगल्ली आहेत, पण ती सगळी गुळगुळीत जागेची. काच, टाकी, दरवाजा. मामांना गुळगुळीत जागेचा मनस्वी कंटाळा. "तिथं काय, पोस्टाचं तिकीट पण बसतं," असं म्हणून ते चांगलं गिऱ्हाईक शेजारच्याकडं पाठवून देतात. त्यांना हवं असतं खरखरीत प्लास्टिक, गंजू नये म्हणून दाणेदार रंग मारलेला पत्रा, जिथं दुसऱ्यानं लावलेलं अक्षर आठ दिवसांत पोपडा होऊन लोंबतं. आणि या माणसाच्या तीन बोटांवर मागच्या जूनमध्ये आमच्या अकरा मुलींचं कॉलेज अडकलं होतं, म्हणून हे सगळं सांगतोय.

खरखरीतपणाच्या जाती मामांनी फळांवरून पाडल्यात. साधं स्कूटरचं प्लास्टिक म्हणजे पेरू. रिक्षाचा मडगार्ड म्हणजे संत्रं. पिकअपचा काळा बंपर फणस. आणि दाणेदार रंगाचा जाडाभरडा पत्रा म्हणजे सीताफळ. सीताफळ आलं की मामा दोन दिवस दुसरं काम घेत नाहीत. हे चिकटतं तरी कसं, हा प्रश्न मला सुटेना, म्हणून मी तासन् तास तिथं बसायचो. एकदा त्यांनी मला कागद उलटा करून दाखवला. "हे बघ पुढारी. कागद नुसता टेकडीवर टेकतो. दरीत हवा ऱ्हाती. हवेच्या जिवावर काय उभं ऱ्हातंय का? मग कागदाला गरम करायचं, मऊ करायचं, न् दरीत उतरवायचं." गरम करायला त्यांच्याकडं गरम हवा फेकणारं यंत्र आहे, आणि उतरवायला केस कापलेला जुना टूथब्रश. त्यानं ते प्रत्येक अक्षराला टोचून टोचून खाली बसवतात. कोपरे गोल कापतात, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. आणि हे सगळं करण्याआधी स्पिरिटनं तीनदा पुसून, कोरडं झालं की बोटानं खात्री. तेलाचा अंश जरी असला तरी त्या बोटाला कळायचा. खोबरेल, डिझेल, पॉलिश, कशानं चोळलंय हेसुद्धा मामा नुसत्या स्पर्शानं सांगायचे.

कारण आपले लोक! फुलंब्रीचा एक दूधवाला नवीन पिकअप घेऊन आला, तर त्यानं घरून निघताना बंपर खोबरेल तेलानं चोपडून काळाकुळकुळीत केलेला. नाव लागायचंय म्हणजे गाडी सजलेली नको का? मामा ओरडले, "अरे गाडी हाय का नवरी?" तीन दिवसांनी या म्हणून त्याला परत पाठवलं. आणि नाव लागल्या लागल्या दुसरं संकट म्हणजे पूजा. ताज्या अक्षरांवर हळदीकुंकू, वर नारळाचं पाणी. मामा प्रत्येकाला बजावतात, "नारळ टायरला. कुंकू काचेला. बंपरला चोवीस तास देव पण नको."

माझ्या घोषणांचं तर त्यांनी वाटोळंच केलं. पाण्याच्या आंदोलनात रिक्षांच्या मागं लावायला मी चार ओळींचा जळजळीत मजकूर नेला होता. मामांनी तो शांतपणे वाचला. "लई बारीक अक्षर लागंल. संत्र्यावर बारीक अक्षर उभं ऱ्हात नाय. जाड बोल. तीन शब्दांत बोल." मी म्हणालो, "मामा, हा आमच्या भूमिकेवर घाला आहे." ते म्हणाले, "व्हय. भूमिका पत्रकात घाल, इथं तीन शब्द दे." शेवटी 'पाणी द्या आधी' एवढंच उरलं. आमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा तेच जास्त लोकांच्या तोंडी बसलं, याचा मला अजून राग आहे.

तर ती व्हॅन. फुलंब्रीच्या पुढच्या एका वस्तीवरून अकरा मुलींना शहरात कॉलेजला यायचं होतं, आणि वेळेवर पोचवेल असं वाहन नव्हतं. आमच्या समितीनं एक जुनी व्हॅन मिळवली. मागे-पुढे 'विद्यार्थी वाहतूक' ठळक लावल्याशिवाय आरटीओचं पासिंग होणार नव्हतं. पासिंग सोमवारी, कॉलेज मंगळवारी. चुकलं की पुढची तारीख कधी, कुणास ठाऊक. आणि दोन घरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं: गाडी नाही तर कॉलेज नाही. व्हॅनचा मागचा पत्रा अस्सल सीताफळ.

शनिवारी व्हॅन मामांकडं नेली. नेण्याआधी मी काय केलं? पत्रकासाठी फोटो काढायचा होता, म्हणून मागचा पत्रा डॅशबोर्डच्या पॉलिशनं चकाचक केला. मी! शंभर वेळा ते भाषण ऐकलेला माणूस! मनात म्हटलं, मामांच्या बोटाला कळेलच, पुसतील, आणि बोलणीही बसतील. बोलणी नको म्हणून गप्प राहिलो. मामांनी तीनदा पुसलं, डोळे मिटले, बोटं फिरवली. म्हणाले, "कोरडं हाय. आण अक्षरं." मला वाटलं, सुटलो.

रविवारी सकाळी 'वा'चा काना आणि 'क' कुरळे होऊन हवेत उभे. मी व्हॅन तशीच दुकानासमोर आणून उभी केली आणि तोंड सोडलं. "मामा, अकरा पोरींचा प्रश्न आहे! हे असं काम?" मामा खाली वाकले. उचललेला कागद सोलला, नाकाशी नेला. "पॉलिश. कुणी लावलं?"

"मी."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते माझ्याकडं बघतच नव्हते. स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाले, "मग काल मी काय बघितलं?"

सोललेला कागद त्यांनी चुरगाळून टाकला. मग त्यांनी सांगितलं. साखर आहे. दिवाळीपासून बोटांची टोकं हळूहळू मुकी होत चाललीत. घरी सांगितलेलं नाही. "भाकरी गरम हाय का गार, ते पण आता गालाला लावून बघतो." मी जो संताप घेऊन आलो होतो तो ठेवायला मला जागाच सापडेना.

"बसू नको असा," मामा म्हणाले. "उद्या पासिंग हाय. सगळं सोल." सगळी अक्षरं सोलली, पत्रा पुसला. मग त्यांनी माझं मनगट धरून बोटं पत्र्यावर ठेवली. "काय लागतंय?"

"स्वच्छ वाटतंय."

"वाटतंय सभेत म्हण. इथं लागतंय काय ते सांग."

"थोडं... घसरतंय."

"पुस परत."

सहा वेळा पुसलं. माझ्या बोटांची साल निघाली. सहाव्यांदा बोट पत्र्यावरून सरकेना, दाण्यादाण्याला अडायला लागलं. तसं सांगितलं, तेव्हा कुठं मामांनी टूथब्रश उचलला. सोमवारी तपासणाऱ्या साहेबांनी एका अक्षराची कड नखानं खरवडून पाहिली, ती हलली नाही. गाडी पास झाली. मंगळवारी अकरा मुली कॉलेजात उतरल्या, आणि त्यातल्या एकीनंही मागं वळून ती अक्षरं पाहिली नाहीत.

हे लिहू का, असं मी मामांना विचारलं. म्हणाले, "लिही की. माझी गिऱ्हाइकं फकस्त पुढच्या गाडीचा बंपर वाचतात."

हल्ली रविवारी मी पुंडलिकनगरहून त्यांच्याकडं जातो. मी बोट फिरवतो, जे लागतं ते सांगतो, ते अक्षरं लावतात. आठ-पंधरा दिवसांपूर्वी एक जुना रिक्षावाला आला. मी मडगार्ड चाचपताना बघून म्हणाला, "क्यों मामा, अब तुम हाथ नई लगाते क्या?" मामांचा टूथब्रश थांबला. मी आयुष्यभर खोट्याविरुद्ध पत्रकं काढली, खोटं बोलणाऱ्यांना भर सभेत उभं केलं. मी म्हणालो, "मामांनी मघाशीच बघितलंय. तुम्ही पान खायला गेला होतात तेव्हा."

रिक्षावाल्यानं मान डोलावली आणि तो टपरीच्या सावलीत जाऊन बसला. मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हातातलं अक्षर ते यंत्राच्या गरम हवेसमोर धरून बसले, लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.