चोवीस नंबरची मोटर

ती घटना आठवली की आजही आधी लाज वाटते, मग बरं वाटतं. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकाने फिर्याद दिली की चोवीस मोटरींपैकी शेवटची, चोवीस नंबरची गायब आहे. त्याच दिवशी खबऱ्याने सांगितलं, तिथला स्टोअरकीपर दसऱ्याआधी हातगाडीवरून मोटर नेताना दिसला होता.

स्टोअरकीपरला ठाण्यात बोलावलं. विणकर घरातला, वीस वर्षं नोकरी झालेला माणूस.

"मोटर नेली होतीस?"

"व्हय, नेली की. जळाली होती, वाइंडिंगला नेली. दसऱ्यानंतर आणून बसवली."

"मग आहे कुठं?"

"त्येच कळंना साहेब. पर घरी पोलीस पाठवू नका. पोरीचं लग्न ठरलंय, मोडंल."

असली रड मी रोज ऐकायचो. अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

मुद्देमालाची खोली सांभाळणारे आमचे हवालदार मूळ करकंबचे. ते म्हणाले, "साहेब, मालक वही घेऊन मोटरी हुडकतोय. नंबर दिसला की खूण, चालला फुडं. आपण मुद्देमालाला चिठ्ठी बांधतो तसं करू की. जितक्या वस्तू तितक्या चिठ्ठ्या."

मला काही पटलं नाही, पण गेलो. तिन्ही शेडमध्ये फिरून प्रत्येक मोटरीची वेगळी चिठ्ठी लिहिली. हवालदारांनी त्या मालकाच्या टेबलावर नंबराप्रमाणे लावल्या. चिठ्ठ्या चोवीसच भरल्या, पण नऊ नंबरच्या दोन निघाल्या.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. खंडेनवमीच्या पूजेआधी मोटरी रंगवल्या, तेव्हा नऊ नंबरची वाइंडिंगला होती. पेंटरने जागेवरच्या तेवीस मोटरींवर ओळीने नवे नंबर टाकले. मग ती आपला जुना नऊ घेऊन परत आली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता.

पुढे स्टोअरकीपरने कारखान्यातल्या झाडून साऱ्या वस्तूंच्या चिठ्ठ्या केल्या आणि बॉबिनच्या रिकाम्या पेटीत लावून ठेवल्या. मालकही वहीऐवजी तीच पेटी मागू लागला.

मालकाला हसण्यात अर्थ नव्हता. तो वहीतला नंबर घेऊन मोटर शोधत होता, मी खबर घेऊन माणूस. तसा माणूस सापडतोच. त्यानंतर अटकेच्या कागदावर सही करण्याआधी मी स्वतः जागेवर जाऊन येत असे.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. स्टोअरकीपरने मुलीला माझ्या पाया पडायला सांगितलं. मी तिला थांबवलं आणि मागे उभ्या असलेल्या हवालदारांना पुढे केलं.