व्हिएन्नातला ठेचा

खताच्या कंपनीकडून आमच्या दुकानाला परदेशाची सहल लागली, तेव्हा मालकांचा फोन आला. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे बायका असंच म्हणतात, आणि मीही म्हणते, बी.ए. झाले तरी.

"युरोप लागलं. जोडीनं. कोणतं तरी व्हीवरून गाव हाय."

"व्हिएन्ना?"

"तुला काहून माहीत?"

मला काहून माहीत! बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आधुनिक युरोपचा पेपर होता आणि व्हिएन्ना परिषदेवर मी पुरवणी जोडून उत्तर लिहिलं होतं. नेपोलियनला हरवून सगळे राजे तिथं जमले, दिवसा नकाशे वाटून घेतले आणि रात्री नाचले. माझं माहेर कळमनुरीच्या पुढं. घरात मेंढरं, चार पिढ्या मेंढरंच. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तो पेपर वाचताना मला कुणी सांगितलं असतं की तू तिथं जाशील, तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं.

वसमतला आमचं बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे, घर कुरुंद्याच्या फाट्यापुढच्या गावात. मालक बारावीला दोनदा बसले आणि उठले. गिऱ्हाईक मोठं करायची कला त्यांच्याकडं आहे, ती मी नाकारत नाही. पण कोणतं औषध हळदीच्या करप्यावर, किती पाण्यात किती टाकायचं, हे डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचून शेतकऱ्याला सांगणारी मी. सहल दुकानाला लागली ती दोघांच्या कामावर. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं कुणी विचारलं नाही.

निघताना सासूबाईंनी ज्वारीचं पीठ, तवा, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे असं सगळं बांधून दिलं. "पोरगं उपाशी ऱ्हाईल तिकडं." पोरगं म्हणजे पन्नाशीला टेकलेले मालक. माझ्या उपासाचा विषय निघाला नाही.

हॉटेल म्हणजे एका सरदाराचा जुना वाडा होता. दाराशी पितळेची पाटी होती आणि त्या परिषदेच्या हिवाळ्यात कुणी एक राजदूत इथं उतरला होता असं तिच्यावर लिहिलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी मालकांना हाताला धरून पाटीसमोर उभं केलं आणि सगळी वाचून दाखवली.

"बरं," ते म्हणाले. "वायफायचा पासवर्ड विचार ना जरा."

मला ते हॉटेल आवडलं. असल्या ठिकाणी जाऊन आलेली आमच्यासारखी माणसं परत आल्यावर म्हणतात की गोधडीवर जशी झोप लागते तशी तिथं लागली नाही. मी असलं काही लिहिणार नाही. मला तिथं फार चांगली झोप लागली. पिसांचं पांघरूण इतकं हलकं की अंगावर आहे का नाही ते चाचपून बघावं. न्हाणीत पाय पसरून झोपता येईल असा टब. मी त्यात गरम पाणी भरून पडून राहिले आणि वरच्या छताची नक्षी बघत बसले. सकाळच्या नाश्त्याला पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस खुर्ची मागं ओढून द्यायचा. पहिल्या दिवशी मी दचकले, दुसऱ्या दिवशी थांबले, तो ओढेपर्यंत. आयुष्यात माझ्यासाठी कुणी खुर्ची ओढली नव्हती. आवडणार नाही तर काय होईल?

खोलीत टेबलावर एक जाड कागद होता. त्यावरच्या इंग्रजी सूचना मी पहिल्याच संध्याकाळी मराठी करून मोठ्यानं वाचल्या. सगळ्यांसाठीच वाचल्या, कारण आमच्या गटातले नांदेडकडचे एक मोठे डीलर, त्यांना सगळे शेठ म्हणत, आणि त्यांची बायको आमच्याच खोलीत चहाला बसले होते. खोलीत स्वयंपाक करू नये, वाड्याचं लाकूड जुनं आहे, धुराची घंटा सगळीकडं बसवलेली आहे. शेठ म्हणाले, "व्वा वहिनी, बातम्या सांगून राहिल्यासारखं वाचता तुमी."

मग आम्हाला एका मोठ्या संग्रहालयात नेलं. गटासाठी थोडाच वेळ होता. पुरुष मंडळी बाहेरच्या पायऱ्यांवर फोटो काढत बसली, आत आम्ही तीन-चार बायका आणि पुढं पुढं पळणारी आमची सहलवाली पोरगी. सोन्याचे पेले, सोन्याचंच मिठाचं भांडं, राजे, राण्या. आणि एका दालनात भिंतीवर एक मोठं चित्र.

गुरं घरी चालली आहेत. उघडी झाडं, खाली नदी, आभाळ भरून आलेलं. गुरांच्या मागं काठ्या घेतलेली माणसं, आपल्याकडं पाठ केलेली. बस, एवढंच. राजा नाही, देव नाही. आबा, माझे वडील, म्हणतात, कळपाच्या मागं चालणाऱ्याला पुढचा मुलूख कधी दिसत नाही, त्याला नुसती ढुंगणं दिसतात. त्या चित्रातल्या मागच्या माणसाची पाठ बघितली आणि मला आबांचं तेच वाक्य ऐकू आलं. तसाच पोक, तशीच मान पुढं. कुणीतरी इतक्या जुन्या काळात गुरं वळणाऱ्याची पाठ नीट बघितली होती आणि ती राजांच्या शेजारी टांगली होती. माझा बाप आयुष्यभर ज्यांच्या बांधावरून शिव्या खात गेला, त्यातल्या एकानंही त्याची पाठ अशी बघितली नसेल.

"चला काकू, चला, बस थांबलीय!" सहलवाली पोरगी म्हणाली.

मी म्हणाले, मला इथं अजून उभं राहायचंय. ती पोरगी वाईट नव्हती. म्हणाली, "उद्या गुरुवार आहे ना, गुरुवारी हे रात्री नऊपर्यंत उघडं असतं. संध्याकाळ तुम्हाला मोकळीच आहे. हॉटेलपासून चालत या."

मी बसमध्येच मालकांना सांगितलं. त्यांनी मोबाइलमधून मान वर न काढता कबूल केलं, "जाऊ की उद्या. काय मोठी गोष्ट हाय."

गुरुवारी संध्याकाळी मी जरीकाठाची साडी नेसून, वर स्वेटर घालून, बूट बांधून तयार बसले. दार वाजलं. शेठ आणि त्यांची बायको. शेठच्या हातात विजेची शेगडी.

"वहिनी, पीठ हाय म्हणं तुमच्याकडं! हे गोडं गोडं खाऊन जिभेची पार चव गेली बघा. आज भाकर आन् ठेचा होऊन जाऊ द्या."

मी मालकांकडं बघितलं. मालकांचा चेहरा लेकरासारखा उजळला होता.

"अहो, आपल्याला जायचंय."

"तर! खाऊन लगेच निघू. भाकरीला किती टाइम लागतंय तुला?"

"तुमी खा. मी जाऊन येते, चालत जायचंय फक्त."

"एकटी?" मालक हसले, शेठकडं बघून. "काहून एकटी? चार लोकं काय म्हणतील, बायको फिरायला सोडून दिली व्हिएन्नात?"

"आणि ती धुराची घंटा? मी वाचून दाखवलं होतं."

त्यावर मालकांनी उत्तर तयार ठेवलं होतं. न्हाणीत डोक्याला घालायची प्लास्टिकची टोपी असते ना, ती त्यांनी खुर्चीवर चढून छताच्या घंटेला घातली. शेठनं टाळी वाजवली. "लई डोकं हाय राव तुमचं!"

मी बूट सोडले. आजही मला राग येतो तो या जागी येतो. पण घरातल्या बाईला पाहुण्यांसमोर भाकरीला नाही म्हणायची सवय नसते. कॉलेजात ती शिकवत नाहीत.

स्वागताची फळं ज्या चांदीच्या ताटात ठेवली होती, ती शेठच्या बायकोनं खाली काढली आणि ताटात मी पीठ मळलं. लिहायच्या टेबलावर, त्याच्या नक्षीच्या लाकडावर, हॉटेलचा टॉवेल अंथरून भाकऱ्या थापल्या. त्या राजदूतानं पत्रं लिहिली असतील तर अशाच कुठल्या टेबलावर. भाकऱ्यांपर्यंत सगळं ठीक होतं. मग तव्यावर मिरच्या पडल्या.

तव्यावरच्या मिरचीचा ठसका ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. खिडकी उघडत नव्हती, ती तशी उघडायचीच नव्हती. शेठ खोकायला लागले, डोळ्यांतून पाणी, नाक धरलेलं. मी ओरडले, "दार उघडू नका!" आणि शेठनं दार उघडलं. धूर बाहेरच्या बोळात गेला. तिथल्या घंटेला कुणी टोपी घातली नव्हती.

सगळं हॉटेल रस्त्यावर आलं. पांढरे झगे घातलेली, ओल्या केसांची, पायात कापडी चपला अशी माणसं त्या थंडीत उभी. एक म्हातारी छोटं कुत्रं शालीत गुंडाळून धरून होती, कुत्रंही शिंकत होतं. अग्निशमनची गाडी आली. मालक माझ्या मागं उभे होते, हातात भाकरीचा तुकडा तसाच.

मग हॉटेलची मॅनेजर आली. माझ्याच वयाची बाई, काळा कोट. तिनं इंग्रजीत विचारलं, त्या खोलीत कोण स्वयंपाक करत होतं? पोलिसी आवाज नव्हता, नुसतं विचारत होती.

शेठ माझ्या कानाशी आले. "वहिनी, तुमीच बोला. बायकांना माहीत न्हवतं म्हणा. बाईमाणसाला काय करत न्हाईत हे लोकं."

मी मालकांकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. मराठीत बोलेल, खुणेनं बोलेल.

"सांगून टाक ना," ते म्हणाले. "तुझं काय जातंय?"

इंग्रजी मी कशी शिकले ते मालकांना माहीत आहे. परीक्षेच्या फॉर्मला पैसे नव्हते तेव्हा आबांनी बोकड विकला होता. त्या इंग्रजीत, युरोपात, पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलायची वेळ आली ती ही. मी म्हणाले, आम्ही बायकांनी केलं. आम्हाला नियम माहीत नव्हता. माफ करा.

त्या बाईचा चेहरा मऊ झाला. तेच मला सोसवलं नाही. ती एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली, हातानं शेगडी दाखवून, बोट हलवून, लहान लेकराला सांगावं तसं. खोलीत. शिजवायचं. नाही. मग तिनं विचारलं, टेबलावरचा कागद कुणाकडून वाचून घेता आला नाही का?

मी मान हलवली. नाही.

आत सोडायला फार वेळ लागला. समोरच्या चर्चच्या घड्याळात नऊ वाजून गेले तेव्हा मी ते ठोके ऐकत रस्त्यावरच होते, जरीकाठाच्या साडीत, हाताला लसणाचा वास. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान होतं.

विमानात मालकांनी एकदाच विचारलं, "गप काहून हायस? दंड तर न्हाई घेतला ना त्यांनी." त्यांच्या हिशोबानं गोष्ट संपली होती.

वसमतला परत आल्यावर मंगल कार्यालयात डीलर लोकांचा सत्कार झाला. फेटे, हार, नारळ. मागं मोठा बॅनर, त्यावर त्या वाड्यासमोर मालक हात फाकवून उभे. फोटो मी काढलेला. मालकांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर त्यांनी नेमका तोच किस्सा काढला.

"आवो, आमच्या बायकांनी तर अख्खं हॉटेल रस्त्यावर आणलं! गोरे लोकं झग्यावर पळाले! मी म्हणलं, ह्यांना कुठं नेऊन फायदा न्हाई, ह्या चूल सोडत न्हाईत."

सगळं कार्यालय हसलं. शेठ सगळ्यात जास्त हसले. निवेदकाला उत्साह आला, "वहिनी, तुमीबी दोन शब्द बोला की!" आणि माइक माझ्याकडं आला.

मी म्हणाले, "खोलीत स्वयंपाक करू नये हे मला वाचता येत होतं. मी पहिल्याच दिवशी या दोघांना वाचून दाखवलं होतं. भाकर पुरुषांनी मागितली. घंटेला टोपी पुरुषांनी घातली. दार पुरुषांनी उघडलं. मला त्या वेळी एक चित्र बघायला जायचं होतं. तिथं मी यांच्यासाठी इंग्रजीत खोटं बोलले. इथं बोलणार नाही."

मागच्या रांगेत दोन-चार बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आजूबाजूला बघून थांबल्या. निवेदकानं घाईनं जेवणाची सूचना केली.

परतताना गाडीत, कुरुंद्याचा फाटा मागं पडल्यावर मालक म्हणाले, "काहून इज्जत काढली लोकांत? घरी बोलायचं होतं."

"तिथं माझी निघाली तेव्हा घरी होतो का आपण?"

ते चित्र मी नंतर मोबाइलवर शोधलं. सापडलं. पण तळहाताएवढ्या काचेवर गुरं मुंग्यांएवढी दिसतात आणि त्या माणसाची पाठ म्हणजे नुसता तपकिरी ठिपका. बोटांनी मोठं करायला गेलं की ठिपका फुटतो. आबांना दाखवलं तर त्यांनी मोबाइल लांब धरून बघितलं आणि विचारलं, "कोणाची गुरं हायेत?" आबांना सांगायला माझ्याकडं काय होतं? मीही नीट बघितलेलं नाही.

यंदा परत सहल लागली आहे. गाव वेगळं, हॉटेल म्हणे आणखी मोठं. जोडीचीच सहल आहे, पण माझ्या जागेवर दीर चालले आहेत. कंपनीला तब्येतीचं कारण कळवलंय, असं मला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं. परवा मालक दुकान बंद करून घरी आले, ज्वारीची पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बारीक दळून आण. मिरच्याबी बांध थोड्या."

मी टीव्हीकडंच बघत होते.

"गिरणी फाट्यावर आहे," मी म्हणाले. "पाटी मराठीत आहे. तुमाला वाचता येईल."

पिशवी अजून दाराशीच आहे.