भिकाजीच्या खिशातला निपल

भिकाजीच्या पँटचा उजवा खिसा कायम लोंबलेला असे. त्यात कधी पाइपाचा एल्बो, कधी सॉकेट. भंगाराच्या ढिगातून उचललेलं काहीही. आमच्या आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा आणि मी फिटर. कामावरच्या बायका मस्करीने म्हणत, भिकाजीच्या आधी त्याचा खिसा येतो. गेल्या वर्षी तो वारला. माणूस लाखातला, पण पाइपाच्या कामात त्याचं माझं एक दिवस पटलं नाही.

"अरे तात्या, आटे ते आटे. गुंतले म्हंजे झालं," असं त्याचं ठरलेलं. माझं म्हणणं, पाइपाच्या टोकाचे आटे दोन जातींचे. एक टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळते. फिरवत गेलं की रुतत जातात. दुसरे सरळ, त्यांना तोंडाशी वॉशर लागतो. सरळ आट्यांचा तुकडा टेपर सॉकेटात घातला तर आतल्या टोकाचे एकदोन आटे धरतात, तोंडाशी तो हलतच राहतो. हे सांगू लागलो की भिकाजी हसायचा. "तू पाइप जोडतोयस की लग्न? पत्रिका कसल्या बघतोस?" आणि पांढरी टेप गुंडाळायला घ्यायचा. पाण्याच्या नळाला त्याचं ते चालूनही जायचं. म्हणून तर तो ऐकत नसे.

ऐन हंगामात रसाच्या कढईला जाणाऱ्या वाफेच्या लाईनीचा निपल, म्हणजे दोन्हीकडे आटे असलेला वीतभर तुकडा, गंजून गळू लागला. मी वाफ तोडली, गंजका काढला आणि नवा आणायला बाजारात निघालो. भिकाजीला बजावलं, मी येईपर्यंत कढई चालू करायची नाही. पण पिकलेला आंबा ढिगाने पडून होता आणि शेट फोनवर फोन करत होते.

परत आलो तर कढई चालू. गंजक्याच्या जागी दुसराच तुकडा, जोडाच्या तोंडाशी टेपचा जाड गजरा. "थेंब नाय बघ," भिकाजी म्हणाला. थेंब नव्हता, पण पाइप थरथरत होता. जोड लावून झाल्यावर कामावर आलेली सुनंदा कढई आणि भिंतीमधल्या बोळात रस ढवळत उभी. तिला बाहेर यायचं तर त्या जोडासमोरूनच. मी आवाज न चढवता म्हटलं, "भिक्या, वाफ तोड."

माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. तो वॉल्वकडे वळला, तेवढ्यात तुकडा सुटला.

कानठळ्या बसल्या आणि सगळं पांढरं झालं. सुनंदा दिसेना, नुसती तिची किंकाळी. वाफ वर जाते, म्हणून मी ओरडलो, खाली बस, भिंत धर. भिकाजीने ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं आणि त्या पांढऱ्यात शिरला. वॉल्व गंजलेला, पटकन फिरेना. मला वाटलं, दोघंही गेली. मग आवाज बसत बसत थांबला. सुनंदा कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेली, पण धडधाकट. भिकाजीच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून निघाली होती.

दवाखान्यातून पट्टी बांधून तो आला तेव्हा शेटनी सगळ्यांना अंगणात उभं केलं होतं. जोड कोणी लावला? पाइपाचं काम माझं, म्हणून नजरा माझ्यावर. मी गप्प. लावणाऱ्याने बोलावं, मी का बोलू? भिकाजीला लावताना कोणी बघितलं नव्हतं. तो बोलला तर त्याची नोकरी जाणार आणि शेटनी दिलेली कारखान्यामागची खोलीही; घरात बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई. शेट म्हणाले, तात्या, उद्यापासून येऊ नका. मी पान्यांची पिशवी उचलली.

"तात्या नाय हो शेट," भिकाजी म्हणाला. "तो कढई बंद ठेव म्हणून सांगून गेला होता. मी लावला. माझ्या खिशातला."

भिकाजी खोली सोडणार त्या दिवशी मी त्याचं सामान उचलायला गेलो. पट्टीच्या हाताने त्याला शर्टाची बटणं लागत नव्हती. मी लावू लागलो.

"तू का नाय बोललास?" त्याने विचारलं.

"तू बोलशील म्हणून."

"आणि नसतो बोललो तर?"

मी गळ्याजवळचं बटण हातात धरलं. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे, उकडतंय. तरी मी लावलं.